मदत हवी आहे: जिप्सीला ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) जुनाच ठेवू की 413चा (1.3 लिटरच्या जिप्सीचा) घेऊ?

गाडी मूळची जिप्सी 410, म्हणजे 1 लिटर इंजिनची. इंजिन 1.3 लिटरचं बसवून झालंय, आरसीवर नोंदही आहे. आता चार गिअरचा गिअरबॉक्स काढून पाच गिअरचा टाकतोय. तिसरा पडतच नाही, शिवाय तेल काढलं तर त्यात पितळेचा चुरा चमकत होता.

जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटून नसतो. मागे तीन रबरांवर वेगळा टांगलेला असतो, मध्ये छोटा शाफ्ट. म्हणून दोन्ही पर्याय खुले आहेत. जुन्या 410च्या केसचे गिअर रेशो हाय (साध्या रस्त्यासाठी) 1.580, लो (चढ-चिखलासाठी) 2.511. 413च्या केसचे 1.409 आणि 2.268. म्हणजे जुना ठेवला तर त्याच वेगाला इंजिन साधारण 12 टक्के जास्त फिरणार, पण चिखलात लोमध्ये गाडी छान सावकाश चढेल.

वापर असा: आठवड्यातून एकदा पुणे ते वेल्हे, पुढे शेतापर्यंत तीन किलोमीटर कच्चा चढ. पावसाळ्यात तिथे फोर बाय फोरशिवाय जमत नाही. टायर 205/70 आर 15, मोठे घालणार नाही. दोन्ही डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या एक्सलमधले गिअर) 410चेच, ते बदलायचं बजेट नाही.

जुना केस उघडून पाहिला, दात चांगले आहेत, फक्त सील गळतंय. दोन मेकॅनिकना विचारलं, दोघांनी उलट उत्तरं दिली.

हा बदल ज्यांनी स्वतः केलाय त्यांनी सांगावं: 410चा केस ठेवला तर पाच गिअरच्या बॉक्सला छोटा शाफ्ट तोच बसतो, की लांबी आणि फ्लँजची भोकं बदलतात? आणि पाचव्यात 80 ला इंजिन किती आरपीएमवर असतं?