ईमेलमधली चित्रं आपोआप उघडू द्यावीत का? (सोलापूरकरांची चर्चा, बोलणाऱ्यांची नावं शहरातल्या भागांवरून)

चाटीगल्ली: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा पत्रव्यवहार मी बघते. माझं मत स्पष्ट आहे. ऑफिसच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ईमेलमधल्या चित्रांचं आपोआप डाउनलोड बंदच हवं.

सुताच्या एका व्यापाऱ्याची रेटची मेल आमच्या मालकांनी रात्री घरी उघडली, सकाळी पुन्हा बघितली. कारखाना उघडायच्या आत फोन आला: "रात्रीपासून रेट बघताय, मग सूत कधी पाठवू?" मालक तोवर कुणाशी बोललेही नव्हते. मी त्या मेलचा मूळ कोड उघडला. सहीखाली एका चित्राचा पत्ता होता, रुंदी १, उंची १ पिक्सेल (म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका), पुढे अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ. डोळ्याला काही दिसत नाही. पण ती माळ फक्त आमच्या मेलसाठी बनवलेली. मेल उघडली की चित्र आणायला त्यांच्या सर्व्हरकडे मागणी जाते आणि तिथे वेळ नोंदली जाते. भाव ठरायच्या आधी समोरच्याला आपली गरज कळली, की घासाघीस करायला उरतं काय?

पूर्वभाग: ताई, मी विकणाऱ्यांपैकी. चादर, टॉवेल, नॅपकिन. हॉटेलवाल्यांना कोटेशन पाठवतो. कुणी उघडलं ते कळलं नाही तर फोन कुणाला करायचा? सेल्समन ठेवणं परवडत नाही. आणि जेकार्डचं डिझाइन फोटोशिवाय विकतं का? सगळ्यांनी चित्रं बंद केली तर गिऱ्हाईकाला रिकामे चौकोन दिसतील.

चाटीगल्ली: डिझाइनचा फोटो मेलला जोडून पाठवा, तो अडत नाही. अडतं ते बाहेरच्या सर्व्हरवरून ओढून आणलेलं चित्र. ओळखीच्या माणसाची मेल असेल तर 'चित्रं दाखवा' एकदा दाबलं की झालं.

सातरस्ता: एवढं घाबरायचं कारण नाही. २०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं. पाठवणाऱ्याला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) मिळत नाही, म्हणजे तुम्ही सोलापुरात आहात की पुण्यात, हे त्यावरून कळत नाही.

चाटीगल्ली: ठिकाण झाकलं जातं, वेळ झाकली जात नाही. चित्राचा पत्ता प्रत्येक मेलला वेगळा असल्यामुळे जीमेलच्या सर्व्हरनं तो मागितला, तरी कुणाची मेल उघडली ते कळतंच. आमचा तोटा वेळेनंच झाला. शिवाय स्पॅम पाठवणाऱ्यालाही त्यातूनच कळतं, की हा ईमेल चालू आहे, इथे माणूस वाचतोय.

पूर्वभाग: व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिकेला कुणी नाव ठेवत नाही, ती रोज बघतो आपण.

चाटीगल्ली: निळी टिक दोघांना माहीत असते आणि बंद करता येते. बंद केली की समोरच्याचीही दिसत नाही, हिशेब बरोबर. इथे एकाला सगळं दिसतं आणि दुसऱ्याला पत्ताच नाही. माझा राग त्याच्यावर आहे, दादा, तुमच्या धंद्यावर नाही.

होटगीरोड: मेल कुणी उघडली ते चित्रावरून बघायची सोय मी पण वापरत होतो, सोडून दिलो. २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आयफोनच्या आयओएस १५ बरोबर आपल्या मेल अ‍ॅपमध्ये नवी सोय आणली. ती चालू असली की चित्रं आधीच आणून ठेवली जातात, माणूस मेल उघडो न उघडो. तिकडचं गिऱ्हाईक झोपलेलं असतं आणि इथे 'उघडली' म्हणून दिसतंय. त्यावर भरवसा ठेवून फोन केलो, तर ते म्हणतात कुठली मेल? पण ताई, चित्रं बंद केली म्हणून सगळं सुटलं असंही नाही. मेलमधल्या लिंकवर दाबलं की तेही नोंदलं जातंय.

चाटीगल्ली: अगदी बरोबर. लिंक मात्र आपण ठरवून दाबतो. चित्र न विचारता उघडतं.

सिद्धेश्वरपेठ: फोनवर कुठे बंद करायचं?

सातरस्ता: जीमेल अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आपलं खातं निवडा, 'इमेजेस'मध्ये जा, बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा, असा पर्याय आहे. प्रत्येक खात्याला वेगळं करावं लागतं. कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये ती मुळातच अडवलेली असतात. माझं म्हणणं एवढंच, की घरगुती खात्याला याची गरज नाही.

चाटीगल्ली: घरच्या खात्यावर तपासणीचे रिपोर्ट येतात, कर्जाच्या मेल येतात. तिथे तर आधी बंद करावं. आमच्या मालकांनी ती मेल घरीच उघडली होती.

पूर्वभाग: मला अजून पटत नाही. कोटेशन गिऱ्हाईकानं मागितलं, मी रात्री बसून करून दिलं. ते बघितलं की नाही, हे कळायचा हक्क मला आहे.

चाटीगल्ली: आहे ना. मग मेलखाली लिहा, 'मिळाल्याचं कळवा'. मी प्रत्येक कोटेशनखाली लिहिते. उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी फोन करते.

पूर्वभाग: आणि फोन उचलला नाही तर?

चाटीगल्ली: तर त्यांना माल नकोय. पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळायचं.