निमगोरा म्हणजे नक्की किती गोरा?

भावासाठी स्थळं बघणं चालूये, म्हणून आई जुनी फाईल काढून बसली तर त्यात मावशीचा हाताने लिहिलेला बायोडेटा निघाला, रंग: निमगोरा. माझी लेक म्हणे निम म्हणजे फेसवॉशमधलं नीम का? मला पण नीट सांगता येईना. आता कोणी वापरतं का हा शब्द?

प्रतिसाद:
निमसरकारी, निमशहरी मधलंच निम हो ते, फारसी, म्हणजे अर्धा. गंमत बघा, निमगोरा आहे पण निमकाळा कधी ऐकलाय? मोजायला सुरुवात कायम गोऱ्याकडूनच. आता सगळे गव्हाळ लिहितात, त्यात कोणीही बसतं, लोकवन की खपली ते समोर आल्यावर कळतं 😄

प्रतिसाद:
जाहिरातवाल्यांचा लाडका शब्द मात्र उजळ. मूळ उज्ज्वल, म्हणजे चकाकणारं, त्याचा गोरेपणाशी संबंध असलाच पाहिजे असं नाही, नुसता चेहरा धुतला तरी उजळतोच की, म्हणून तो सोयीचा. सावळ्या माणसाला दुःखी किंवा मागे पडलेला दाखवायचं नाही असा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०१४ पासून आहे, आणि १९७५ पासूनच्या फेअर अँड लव्हलीचं २०२० मध्ये ग्लो अँड लव्हली झालं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बायका अजून जुन्याच नावाने ट्यूब मागतात, तोही न बोलता नवी काढून देतो, दोघांनाही काय हवंय ते बरोब्बर माहितीये.

प्रतिसाद:
काळ्याच्या मागे काय लागतं तेही बघा ना. केस काळेभोर, डोळे काळेभोर, जमीन तर काळीभोर हवीच. माणूस आला की लगेच काळाकुट्ट, नाहीतर काळाकुळकुळीत. एकाच ब्रेकमध्ये आधी तेलाची जाहिरात, केस काळेभोर करा, लगेच क्रीमची, चेहरा उजळा. आणि 'सावळी पण नाकीडोळी नीटस' मधला तो 'पण'! गोरी पण नीटस असं कोणी म्हणत नाही, माझ्या मते खरी चर्चा या 'पण'वर व्हायला पाहिजे.

(मूळ प्रश्नवाली) सगळ्यांना थँक्यू. हे वाचून मी भावाच्या बायोडेट्यातली रंगाची ओळच उडवली. आई म्हणतेय, अगं ठेव ती, नाहीतर लोकांना वाटेल काळाच असणार.