डिटेक्टरची पुस्तिका पाठ झाली, तरी जमिनीवर आकडे नाचतात

प्रश्न
नवीन मेटल डिटेक्टर घेतलाय. पुस्तिका पाठ झाली, व्हिडिओही बरेच बघितले. वाचताना सगळं पटतं: पडद्यावर लोखंडाचा आकडा खाली, चांदीचा वर. मैदानात मात्र एकाच जागी आधी ३०, मग ७५, मग काहीच नाही. कॉइल (दांड्याच्या टोकाची शोधायची चकती) हवेत धरली तरी मधूनच किरकिर चालू. यंत्र बिघडलंय का? अजून वाचू, की सरळ खणायला लागू?

उत्तर १
यंत्र बहुधा ठणठणीत आहे. हवेतही किरकिर होत असेल तर दोष जमिनीचा नाही. खिशातला मोबाईल लांब ठेवा, जवळपास विजेच्या तारा आहेत का बघा, आणि तरी थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती बारीक सिग्नल पकडेल ती सेटिंग, खाली आणा. जास्त खोलवरचं सापडेल म्हणून नवखे लोक ती टोकाला नेऊन ठेवतात. होतं उलटंच, त्या गोंगाटात खोलवरचा बारीक सिग्नल बुडून जातो.

आता आकडा. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह उठतात, आणि परत येणारा सिग्नल किती मागे पडला यावरून यंत्र आकडा काढतं. त्यात धातूची वाहकता असते, पण वस्तूचा आकार, जाडी, ती आडवी पडली आहे की उभी, हेही मिसळलेलं असतं. म्हणून सोन्याची नाजूक अंगठी आणि ॲल्युमिनियम कॅनची कडी एकाच आकड्यावर येऊ शकतात. कड्यांचा वैताग नको म्हणून तेवढ्या आकड्यांचा पट्टा डिस्क्रिमिनेशनने (नको ते आकडे गप्प करणाऱ्या सेटिंगने) बंद केलात, तर अंगठीही गेली.

तुमचं ३० आणि ७५ मला गंजक्या खिळ्याचं लक्षण वाटतं. पुढच्या वेळी असं करा. सिग्नल मिळाला की त्या जागेभोवती नव्वद अंशांत वळून उभे राहा आणि कॉइल पुन्हा फिरवा. सपाट पडलेलं नाणं दोन्हीकडून जवळजवळ सारखंच, भरीव वाजतं. खिळा एका बाजूने छान वाजतो, दुसऱ्या बाजूने तुटक, आणि वळलात की आवाजाची जागाही जराशी सरकते. मग खणाच. खणण्याआधी वहीत अंदाज लिहा, खाली खरं काय निघालं ते लिहा. माझ्या वहीत 'नक्की नाणं' लिहिलेल्या ओळींखाली जे जे निघालंय, तितकं मला कुठल्याच पुस्तकाने शिकवलेलं नाही. आणि वही थोडी भरली की पुस्तिका परत वाचा, पहिल्यांदा नुसतीच डोळ्यांखालून गेलेली वाक्यं तेव्हा लागतात.

उत्तर २
वळून बघण्याची युक्ती बाटलीच्या लोखंडी बुचाला लागू पडत नाही. ते गोल आणि चपटं, चारही बाजूंनी नाण्यासारखंच वाजतं. डबल-डी कॉइल (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) असेल तर तिचं पुढचं टोक हळूहळू सिग्नलवरून मागे ओढत न्या. टोक सुटता सुटता बूच बहुतेकदा लोखंडासारखं घरघरतं, नाणं तसं करत नाही.

माझं मत, आधी चाचणीची जागा तयार करा. एक तुकडा धातूपासून पूर्ण साफ करून त्यात नाणं, खिळा, कडी, बूच वेगवेगळ्या खोलीवर पुरा आणि खुणा करून ठेवा.

उत्तर १
जागा जरूर करा, आवाज ओळखायला ती उत्तम. खोलीचा अंदाज मात्र तिच्यावरून बांधू नका. नुकती उकरलेली माती आणि वर्षानुवर्षं दबलेली माती यांत फरक पडतो.

थोडं विषयांतर करतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरातली ती गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी इंडक्शन बॅलन्स नावाचं धातू शोधायचं यंत्र नेलं होतं. एक तर गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी सिग्नल गढूळ केला. त्यात डॉक्टरांनी गोळी उजवीकडेच आहे असं धरून तिथेच शोधू दिलं, आणि ती होती डावीकडे. भोवतालचं लोखंड आणि आधीच पक्का केलेला अंदाज, या दोन्ही अडचणी आजही तशाच आहेत.

प्रश्नकर्ता
मोबाईल लांब ठेवला, सेन्सिटिव्हिटी उतरवली, हवेतली किरकिर गेली. पण कॉइल जमिनीजवळ नेली की कुठेही गुणगुण सुरू होते. ग्राउंड बॅलन्स कंपनीच्या सेटिंगवरच आहे.

उत्तर १
मग तेच कारण. मातीतल्या लोहखनिजांचाही सिग्नल येतो, तो यंत्राला वजा करायला सांगावा लागतो. ऑल-मेटल मोडमध्ये (त्यात कुठलाच धातू गाळला जात नाही) धातू नसलेली जागा शोधा, कॉइल सपाट धरून फूटभर उंचीपासून जमिनीलगत वर-खाली करा आणि आवाज बदलेनासा होईपर्यंत बॅलन्स फिरवा. माती बदलली की पुन्हा करायचं. समुद्राच्या ओल्या वाळूत मीठच वीज वाहून नेतं, तिथे एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं यंत्र बरंच अडखळतं, अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारं मल्टी-फ्रीक्वेन्सी किंवा प्रवाहाचे छोटे झटके सोडणारं पल्स इंडक्शन यंत्र बरं. कॉइल फिरवताना दोन्ही टोकांना हात वर जातो, तो जाऊ देऊ नका. आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवा.

उत्तर ३
जागेच्या मालकाची परवानगी आधी घ्या, संरक्षित स्मारकाच्या आवारात यंत्र काढूच नका. खड्डा बुजवून हिरवळ परत बसवा. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे या आणि पोलिसांना कळवा.