ईबी असलेल्या मुलीचे दात: घासले तर फोड, न घासले तर कीड

रेवाचीआई

मुलगी पाच वर्षांची. रिसेसिव्ह डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलिसिस बुलोसा (ईबी), म्हणजे जरा घसट लागली की कातडीवर आणि तोंडात फोड येणारा जन्मजात आजार. ड्रेसिंगचं आता बऱ्यापैकी बसलंय, पण तोंडापुढे मी हात टेकलेत. ब्रश लावला की ओठाच्या आतून टम्म फोड येतो, फुटतो, रक्त येतं आणि पुढचे दोन-तीन दिवस ती तोंडच उघडत नाही. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरे चट्टे दिसतायत, खालच्या एका दाढेत काळा खड्डा आहे. ज्या दंतवैद्याकडे नेलं त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "हिला हात लावायला नको, दुधाचेच दात आहेत, पडतील." ब्रश कुठला, पेस्ट कुठली, आणि दवाखान्यात गेल्यावर नेमकं सांगायचं काय? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी कृपया लिहा.

मृण्मयी

रेवाच्या आई, ते "पडतील" आधी डोक्यातून काढा. पुढचे दात पडतील लवकर, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षं दुखरी दाढ घेऊन पोर जेवणार कशी? आणि जेवली नाही तर अंगावरच्या जखमा भरणार कशाच्या जोरावर? शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ गुपचूप येते. एकही दात न पडता येते, म्हणून कित्येक घरांत तीही दुधाचीच समजतात.

मला तुमच्या मुलीचाच प्रकार आहे, चाळिशी गाठली, आणि पुढचे दात माझे स्वतःचे आहेत. आपल्या प्रकारात इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, सहसा चांगलं असतं. कीड लागते ती बाकीच्या भानगडींमुळे. मऊ, चिकट खाणं. गिळायला त्रास म्हणून दिवसभर थोडं थोडं. जीभ खाली चिकटत जाते, त्यामुळे गालात अडकलेला घास जिभेने काढता येत नाही. गाल आणि हिरडी यांच्या मधली खोबण व्रण भरता भरता बुजत जाते. वर गोड सिरपं! प्रत्येक औषधाला बिनसाखरेचा पर्याय आहे का, हे विचारत चला, आणि काहीही खाल्ल्या-प्यायल्यावर साध्या पाण्याची चूळ. आपल्यात हा नियम ब्रशच्या बरोबरीचा.

आता ब्रश. सगळ्यात लहान डोक्याचा, सगळ्यात मऊ. आधी कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, केस नरम पडतात. रेवाच्या ओठांना आतून-बाहेरून व्हॅसलिन, तुमच्या बोटालाही. ओठ चिमटीत धरून ओढायचा नाही. बोट सपाट टेकवायचं, ओठ हलकेच दाबून बाजूला धरायचा आणि बोट तिथंच ठेवायचं, सरकवायचं नाही. आपल्या कातडीला दाब चालतो, घसट चालत नाही. दंतवैद्यालाही पहिलं वाक्य हेच सांगा, बाकीचं निम्मं त्यांना आपोआप कळतं. ब्रश दातावरच फिरवायचा, एकेक दात, छोट्या गोल हालचालीत. एका बैठकीत सगळं तोंड झालं पाहिजे असं नाही. सकाळी वरचे, थोड्या वेळाने खालचे, चालतं.

पेस्ट फ्लोराइडची हवी, किमान १००० पीपीएम, या वयाला वाटाण्याएवढी. झणझणीत पुदिन्याची नको. फेसाने झोंबत असेल तर सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली बघा. फोड आहे त्या दिवशी तेवढी जागा सोडून बाकीचे दात घासायचेच. फोड आहे म्हणून अख्ख्या तोंडाला सुट्टी दिली की किडीचं फावतं. आत फोड थांबतात तरी कधी?

अर्णवबाबा

प्रकार वेगळा असणाऱ्यांसाठी एक भर. आमच्या मुलाला जंक्शनल, म्हणजे ईबीचाच दुसरा प्रकार आहे. त्याचे दात आले तेच पिवळट, पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे, नखाने चाचपलं तरी खरखरीत लागतात. लॅमिनिन ३३२ हे प्रथिन कातडीला जसं लागतं तसंच इनॅमल घडतानाही लागतं, म्हणून या प्रकारात इनॅमल मुळातच कच्चं. घासून ते सुधारत नाही. त्याच्या दाढांना स्टीलच्या कॅप बसवल्यात. जंक्शनल असेल तर कीड दिसेपर्यंत थांबू नका, पहिला दात आला की दाखवा.

रेवाचीआई

दोघांचेही आभार. तो खड्डा भरायचा तर सुई आलीच. हिरडीत सुई टोचल्यावर तिथंच फोड नाही का येणार? की पूर्ण भूल द्यावी लागेल? ती भीती वेगळीच.

बालदंतचिकित्सक

लहान मुलांचे दात बघते, त्यात ईबीची मुलंही असतात. भुलेचं औषध वरवर आणि जोरात सोडलं तर कातडी उचलली जाऊन फोड येऊ शकतो. खोलवर, अगदी सावकाश दिलं तर सहसा येत नाही. सक्शनची नळी गालावर नाही, दातावर टेकवायची. कापसाचे बोळे काढण्याआधी पूर्ण भिजवायचे, नाहीतर आतलं कातडं घेऊनच निघतात. चेहऱ्यावर चिकटपट्टी नाही. काम संपल्यावर जिभेखाली, गालात काही उरलंय का आणि नवा फोड आलाय का ते बघायचं, मोठा असला तर निर्जंतुक सुईने रिकामा करायचा. तीन महिन्यांनी एकदा फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून घ्या, पांढऱ्या चट्ट्यांच्या पायरीवर त्याचा चांगला उपयोग होतो.

एक खड्डा, आणि मूल खुर्चीत बसत असेल तर जागेपणी होतं. कामं बरीच असतील तर पूर्ण भूल, पण तोंड कमी उघडतं आणि घशातही फोड येऊ शकतात, म्हणून ईबीची माहिती असलेले भूलतज्ज्ञ आणि मोठं रुग्णालयच हवं. अन्ननलिका रुंद करणं वगैरे होणार असेल तर दातांचं त्याच भुलेत उरकता येतं का, आधी विचारा. डेब्रा इंटरनॅशनल या ईबीच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संघटनेची ईबीतल्या मौखिक आरोग्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली. जालावर फुकट आहेत. छापून तुमच्या दंतवैद्याला द्या. वाईट वाटत नाही कुणाला, उलट हायसं वाटतं.

मृण्मयी

डॉक्टर, बोळ्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

रेवाच्या आई, दोन गोष्टी राहिल्या. तिला काखेत हात घालून उचलून खुर्चीत ठेवू देऊ नका, स्वतः चढू दे. आणि तोंड मोठं उघडण्याचा व्यायाम आत्तापासून, रोज, खेळ म्हणून. मोठा "आ", ओठांचा चंबू, गाल फुगवणं. तोंड आवळत गेलं की पुढे ब्रशही शिरत नाही आणि डॉक्टरांचा आरसाही. ती मोठी झाल्यावर तोंडातली एखादी जखम एकाच जागी हटून बसली, कडा कडक लागल्या, तर "नेहमीचंच आहे" म्हणून सोडायची नाही, लगेच दाखवायची. आपल्या प्रकारात कर्करोगाचा धोका असतो, कातडीवर जास्त, पण तोंडातही होतो. ते आज तुमच्या डोक्याला नको, नुसतं माहीत असू दे.

वेळ घेताना दिवसातली पहिली मागा आणि फोनवरच सांगा की जास्त वेळ लागेल. व्हॅसलिनची डबी घरची न्या.