मदत हवी आहे: ६१७४ चं ‘का?’ आठवीला कसं सांगावं?

मंडळी, २२ डिसेंबरच्या गणित दिनाला वर्गात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आणि त्यांचा ६१७४ घ्यायचा बेत आहे. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. २०२६ घेतलं तर ६२२० − ०२२६ = ५९९४, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच आणि तिथेच थांबतो. पुढचं शून्य मात्र गाळायचं नाही, पोरं नेमकी तिथेच घसरतात.

करून दाखवणं सोपं, ‘सर, पण असं का?’ आलं की पंचाईत. तीन अंकांत हीच कृती ४९५ वर थांबते; तिथे फरक ९९ च्याच पटीत येतो, त्यामुळे ते फळ्यावर लगेच सिद्ध होतं. चार अंकांत (उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड) फरक ९९९(अ−ड) + ९०(ब−क), म्हणजे ५४ शक्यता. सगळ्या तपासायच्या तर तास संपेल. यातल्या बऱ्याचशा एका फटक्यात निकालात काढायची युक्ती कोणाकडे आहे का?

शिवाय पाच अंकांत असा एकच मुक्काम नाही. काही संख्या ५३९५५ आणि ५९९९४ यांच्यातच येरझाऱ्या घालतात. हे आधीच सांगावं, की मुलांना आपटू द्यावं?