मदत हवी आहे: भावाच्या लिथियमच्या गोळ्या पुण्यात फुकट मिळायच्या, गावाकडं मिळेनात

मंडळी, थोडं लांबेल, पण नीट सांगतो म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल.

धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी फार पडतो तो आजार, आणि लिथियम ही त्यावरचीच गोळी. माझ्याकडे पुण्यात होता तेव्हा सरकारीत ट्रीटमेंट चालू होती, केस पेपरचे किरकोळ पैसे, गोळ्या तिथल्याच खिडकीवर महिनाभराच्या, रक्तात लिथियम किती आहे ती टेस्टपण व्हायची. मस्त सेट झाला होता. मग वडिलांना शेत झेपेना म्हणून तो गावी गेला, स्वतःहून गेला, आणि तिकडं खूश आहे. हे आधीच सांगतो कारण 'परत पुण्याला आणा' हे उत्तर पहिलं येणार.

गाव मराठवाड्यात, जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारलं तर म्हणे मानसिकच्या गोळ्या इथं नसतात, सिव्हिलला जा. सिव्हिलला सायकॅट्रिस्ट ठरलेल्या वारीच बसतात, त्यात कोर्टाचं काम नाहीतर दाखल्यांचा कॅम्प निघाला की तो वार बुडाला. माणूस चांगला आहे हो, पण एकट्यावर अख्खा जिल्हा. ते चिठ्ठीवर लिथियम लिहितात आणि खिडकीवर सांगतात सप्लाय नाही, बाहेरून घ्या.

गोळी एवढी महाग नाही, घेऊ बाहेरून. खरा घोळ टेस्टचा आहे. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, सकाळची गोळी न घेता. गावातली पहिली एसटी जिल्ह्याला साडेदहाला पोचते, म्हणून आदल्या रात्री आई साडेदहापर्यंत जागी राहून त्याला गोळी देते, आणि आमच्याकडं नवाला सगळं घर घोरत असतं. एवढं करून सिव्हिलच्या लॅबमध्ये ही टेस्टच होत नाही! थायरॉइड होतं, क्रिएटिनिन होतं, लिथियम नाही. प्रायव्हेट लॅबवाला रक्त घेतो आणि पुण्याला पाठवतो, म्हणजे पोरगा गावात आणि त्याचं रक्त पुण्यात. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांचा वार गेलेला असतो.

आणि हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडावर. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमची लेव्हल चढते हे पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलंय, आणि हा हळद शिजवायच्या कुकरपाशी दिवसभर उभा.

राज्यात सरकारी मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. बरं, आम्हाला ॲडमिट करायचंच नाहीये, गोळी आणि टेस्ट एवढंच पाहिजे. तर तालुक्याला गोळ्या मिळायची काही सोय असते का, आणि कुणाकडं काय मागायचं?

पुणेरी_पाटी: सरळ पुण्याला आणा परत. तब्येत आधी, शेत नंतर.

धागाकर्ता: आलंच बघा.

रिटायर्ड फार्मासिस्ट: मी सरकारी दवाखान्यात औषधं वाटण्यात नोकरी काढली, म्हणून सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा, लागू झाला मे 2018 मध्ये. त्यातलं कलम 18 वाचा. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं सरकारी दवाखान्यात कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत, आणि ती सीएचसीपासून (सामुदायिक आरोग्य केंद्र) वर, म्हणजे तुमचं तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय त्यात आलं. लिथियम यादीत आहे. आता होतं असं, की तालुक्याहून मागणीच जात नाही, कारण पेशंटच येत नाहीत, आणि पेशंट येत नाहीत कारण गोळी नसते. तेव्हा भावाची नोंद तिथं करा, चिठ्ठीची झेरॉक्स लावून वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सिव्हिलच्या खिडकीवर 'बाहेरून घ्या' तोंडी म्हणाले तर चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही' असा शेरा मारून मागा. शेरा मारायची वेळ आली की बऱ्याचदा गोळी कपाटातनं निघते, हा स्वानुभव आहे, खिडकीच्या आतल्या बाजूचा. तरी नाहीच झालं तर सिव्हिल सर्जनकडे अर्ज करा. सेवेतल्या त्रुटीची तक्रार पुढं मानसिक आरोग्य मंडळाकडे नेता येते, ते कलम 28.

वऱ्हाडी_मिरची: आमच्याकडेही हेच हो भाऊ, आईचं लिथियम चालू आहे. दोन गोष्टी सांगते. गावातला डॉक्टर अंगदुखीला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ठोकतो, ब्रुफेन देतो, त्यानं लिथियम चढते. आईच्या बटव्यात मी चिठ्ठीच ठेवली आहे, 'लिथियम चालू, विचारल्याशिवाय पेनकिलर देऊ नये'. दुसरं, हात जास्त थरथरायले लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला तर टेस्टच्या वाराची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गोळ्या संपल्या म्हणून मधेच बंद तर मुळीच नाही, आठवडाभराचा साठा घरी पाहिजेच. 14416 ला फोन करून पाहा, टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत नीट बोलतात, पण गोळी काही फोनमधून येत नाही.

रिटायर्ड फार्मासिस्ट: आणखी एक राहिलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तालुक्याच्या मेडिकल ऑफिसरांना ट्रेनिंग देतात. तुमच्याकडच्यांचं झालं असेल तर सिव्हिलच्या चिठ्ठीवरून चालू गोळ्या ते रिपीट करू शकतात. टेस्टसाठी मात्र जवळच्या मेडिकल कॉलेजच्या लॅबला आधी फोन करून विचारा, उगाच एसटीत बसू नका.

धागाकर्ता: बटव्यातल्या चिठ्ठीचं आजच भावाला सांगतो, ताई, आमच्याकडं डॉक्टर नाही विचारलं तरी इंजेक्शन देतो. काका, तालुक्याला अर्ज आई घेऊन जाईल, तिचं तिकीट अर्धं आहे. कुणाकडं असल्या अर्जाचा मराठीतला नमुना असेल तर इथंच टाका, आणि टेस्टच्या अडचणीचं त्याच अर्जात लिहायचं की वेगळा द्यायचा तेपण सांगा.