९ पैकी ३-४ पीसीवर नेट नाही, आणि रोज वेगवेगळ्या पीसीवर

टॉवेल_ऑफिस
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचं ऑफिस आहे. ९ पीसी, विंडोज १०, १६ पोर्टचा साधा स्विच, त्यावर फायबरचा मोडेम. रोज सकाळी ३-४ पीसीवर नेट नसतं, टॅलीचा सर्व्हरही सापडत नाही. रिस्टार्ट केलं की एखादा सुरू होतो, तर दुसराच बंद पडतो. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) गूगलचा ८.८.८.८ टाकून झालं. मोडेमला थेट लावलेला लॅपटॉप झकास चालतो. ई-वे बिलं अडकलीत, लवकर सांगा.

पिंगमास्तर
डीएनएसला हात लावायची घाई नको. नेट चालू असलेल्या एका आणि नेट बंद असलेल्या एका पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /ऑल चालवा. आयपीव्ही४ ॲड्रेस (पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता), डिफॉल्ट गेटवे (बाहेर नेटवर जायचं दार) आणि डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा) या ओळी इथे टाका. मग बंद पीसीवरून आधी गेटवेला पिंग करा (उत्तर येतं का पाहा), नंतर ८.८.८.८ ला. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या पीसीला पत्ता देणारं कुणी भेटलेलंच नाही. मग केबल आणि पोर्ट तपासा.

टॉवेल_ऑफिस
चालू: १९२.१६८.१.५४, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हर तोच.
बंद: १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१, डीएचसीपी सर्व्हरही ०.१.
बंद पीसीवरून गेटवेला पिंग लागतं, ८.८.८.८ ला नाही. मग लाइनच खराब म्हणायची का?

सातरस्ता_नेट
एवढं कशाला? सगळ्यांना हाताने आयपी द्या, दहा मिनिटांचं काम.

पिंगमास्तर
लाइन चांगली आहे मालक. गेटवेला पिंग लागतंय खरं, पण तो तुमचा गेटवेच नाही. मोडेम १.१ आहे, ०.१ हा दुसराच कुणीतरी पत्ते वाटतोय. स्विचला वायफायचा राउटर जोडलाय का कुणी?

पीसी सुरू होताना 'पत्ता द्या' म्हणून अख्ख्या नेटवर्कवर हाक मारतो. ज्याचं उत्तर आधी पोचेल, त्याचा पत्ता सहसा घेतो. म्हणून रोज पीसी बदलतात. त्या राउटरच्या वॅन पोर्टला (नेटची लाइन जिथे लागते तो) काहीच नसेल, तर त्याच्याकडे गेलेलं पॅकेट तिथेच मरतं.

हाताने आयपी देऊन पीसी चालतील, पण वायफायवरचे मोबाईल तसेच अडकणार. उद्या नवीन पीसी आला की पुन्हा हेच.

टॉवेल_ऑफिस
हो, गोडाऊनमध्ये मोबाईलसाठी जुना राउटर लावलाय मागच्या आठवड्यात. तो काढायचा का?

पिंगमास्तर
काढू नका, सुधारा. आधी त्याची केबल स्विचमधून काढा आणि एक लॅपटॉप थेट त्याच्या लॅन पोर्टला (आतल्या पीसींसाठीचा) लावा. ०.१ वर लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. मगच लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा. उलट केलंत तर तो १.x चे पत्ते वाटायला लागेल आणि दुखणं आणखी लपेल. आता स्विचकडून येणारी केबल लॅन पोर्टलाच लावा, वॅनला नाही. वॅनला लावली तर मोबाईलचं नेटवर्क वेगळं पडेल.

मोडेममध्ये डीएचसीपीची रेंज १.५० ते १.१५० ठेवा. टॅली सर्व्हर आणि प्रिंटर यांना रेंजबाहेरचे १.१० आणि १.११ असे कायमचे पत्ते द्या. शेवटी बंद पीसीवर जुना पत्ता सोडायला आयपीकॉन्फिग /रिलीज, मग नवा घ्यायला आयपीकॉन्फिग /रिन्यू. हाताने टाकलेला ८.८.८.८ काढून डीएनएस पुन्हा ऑटोमॅटिकवर आणा.

टॉवेल_ऑफिस
८ पीसी सुरू! एकावर १६९.२५४ आलाय, स्विचवर त्याचा दिवाच लागत नाही.

क्रिम्प_कट
तो प्रकार वेगळा. चालू पीसीची केबल त्याला लावून पाहा. दिवा लागला तर दोष जुन्या केबलचा किंवा तिच्या पोर्टचा. केबल असेल तर दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प करा (तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवा), या क्रमाने: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा नीट बसल्या तर १०० एमबीपीएस तरी मिळतं. गिगाबिटला आठही लागतात. आणि स्विच मागखात्याजवळ असेल तर रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या लावा. कापसाचं तूस आत जाऊन पिनांवर नमद्यासारखं बसतं.